न काढलेले पंचेचाळीस फोटो

आत्याने भिंग डाव्या डोळ्याला लावलेलं पाहून भिंगरी दारातच थांबली.

चाळीस वर्षं ते भिंग उजव्या डोळ्याचं होतं. आत्या घड्याळं दुरुस्त करायची. काळं, बाटलीच्या बुचाएवढं ते भिंग तिच्या उजव्या डोळ्याच्या खोबणीत असं काही बसायचं की ते लावूनच ती गिऱ्हाइकांशी बोलायची, लावूनच चहा प्यायची, आणि एकदा तर लावूनच भाजी घेऊन आली होती. भाजीवाल्याने म्हणे त्या दिवशी एकही किडकी भेंडी दिली नाही. भुवईखाली भिंगाचा गोल वळ कायमचा उमटला होता. डाव्या डोळ्याला मात्र ही सवय नव्हती. भिंग एकदा घसरलं, दुसऱ्यांदा घसरलं, तिसऱ्यांदा टेबलावर पडून गडगडत चिमट्यांच्या डब्यापर्यंत गेलं.

"हे काय करतेयस?" भिंगरीने विचारलं.

"सराव," आत्या म्हणाली. "उजवा गेला तर डावा तयार नको का?"

खोलीतला दिवा उडाला तर दुसरा आणून ठेवलेला बरा, अशा सुरात ती बोलली. पण उजवा डोळा गेलेली घड्याळवाली म्हणजे काय, हे भिंगरीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ती याच दुकानात लहानाची मोठी झाली होती. आई ती सहा वर्षांची असताना गेली, बाबा बोटीवर नोकरीला, तेव्हा बाबांच्या या थोरल्या बहिणीने तिला आपल्याकडे आणलं. दुकान खाली, घर वर. दिवसभर टेबलाभोवती गरगर फिरणाऱ्या त्या पोरीला आत्याने भिंगरी म्हणायला सुरुवात केली, आणि आता पोरगी पस्तिशीला टेकली, प्रयोगशाळेत मोठ्या हुद्द्यावर बसली, तरी गल्लीभर तेच नाव.

आणि या सगळ्याला कारण भिंगरी स्वतःच होती. म्हणजे असं तिला वाटत होतं. किती खरं होतं, ते तिला तेव्हा माहीत नव्हतं.

झालं होतं असं. भिंगरीच्या प्रयोगशाळेने डोळ्यांच्या दवाखान्यासाठी एक कॅमेरा बनवला होता. साधा कॅमेरा एका जागेवरून एकच चित्र काढतो. या कॅमेऱ्याला चार कोपऱ्यांत चार बारीक भिंगं होती, त्यामुळे एका क्लिकमध्ये चार जरा वेगवेगळ्या कोनांतून चार फोटो निघायचे. खरी करामत त्याच्या पुढची. त्या चार फोटोंच्या मधले, म्हणजे सात आडव्या आणि सात उभ्या ओळींत एकोणपन्नास धरले तर उरलेले पंचेचाळीस, हे कुणी काढतच नसे. ते डीप लर्निंगचं नेटवर्क, म्हणजे उदाहरणं बघून शिकणारा संगणक, तयार करायचं. कॅमेरा इथे असता तर काय दिसलं असतं, तिथे असता तर काय दिसलं असतं, हे ते चार खऱ्या फोटोंवरून ताडायचं आणि चित्र काढून मोकळं व्हायचं. मग डॉक्टरांनी पडद्यावरची पट्टी डावी-उजवीकडे सरकवली की डोळ्याचा आतला पडदा आपण मान हलवून बघतोय असा दिसायचा. मान हलवली की जवळचा खांब मागच्या भिंतीवरून सरकतो ना, तसं. जे जास्त सरकेल ते उंच, जे सरकणार नाही ते सपाट.

हे नेटवर्क भिंगरीने शिकवलं होतं. पाच महिने तिने दुसरं काही केलं नव्हतं. प्रयोगशाळेत एक जुना, जडशीळ कॅमेरा होता, जो एकोणपन्नासही चित्रं खरीखुरी घ्यायचा. पण तो टेबलाएवढा, आणि कुणाच्या डोळ्यासमोर धरण्यासारखा नव्हता. भिंगरीने त्याच्यावर कपांचे फोटो काढले, किल्ल्यांचे काढले, कुंड्या, बूट, पेन्सिली, आत्याची उघडी पडलेली घड्याळं, सगळ्यांचे काढले. मग नेटवर्कला कोपऱ्यातली चार चित्रं द्यायची, मधली पंचेचाळीस झाकून ठेवायची आणि म्हणायचं, काढ. काढलेलं खऱ्याशी ताडून बघायचं, चुकलं तर तेवढं सुधारायचं, पुन्हा म्हणायचं, काढ. असं लाखो वेळा. शेवटी परीक्षा घेतली तेव्हा त्याला इतके गुण मिळाले की प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना त्यांच्या मानेमुळे सगळे पाठीमागे जिराफ म्हणत, त्यांनी स्वतः उठून भिंगरीसाठी चहा आणला. जिराफ कुणासाठी चहा आणतात, हे त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं.

नवं नेटवर्क दवाखान्यात सोमवारी बसलं. मंगळवारी भिंगरीने आत्याला तिथे नेलं. आत्या तयार नव्हती. मोतीबिंदूची सुरुवात आहे हे तिला ठाऊक होतं, आणि दिसतंय तोवर दिसतंय असं तिचं म्हणणं. भिंगरी हट्टाला पेटली. माझं यंत्र आहे, तूच आधी गेली पाहिजेस, म्हणाली. तिला मिरवायचं होतं, दुसरं काय.

डोळ्यांच्या डॉक्टर म्हणजे एक शांत बाई. इतक्या शांत की त्या वाईट बातमी देतायत की खुर्ची पुढे घ्यायला सांगतायत, हे आवाजावरून कळू नये. त्यांनी पट्टी डावीकडे सरकवली, उजवीकडे सरकवली, पुन्हा डावीकडे. उजव्या डोळ्याच्या पडद्यावर, नारिंगी रंगावर, एक करडा ठिपका होता. पट्टीबरोबर तो मागच्या शिरांवरून सरकत होता. म्हणजे तो पडद्याच्या वर उचललेला होता.

"हा उंचवटा असू शकतो," डॉक्टर म्हणाल्या. "गाठच असेल असं नाही. पण मोतीबिंदूमुळे मला माझ्या उपकरणाने आत स्वच्छ दिसत नाहीये, आणि शंका असताना मी गप्प बसणार नाही. तुम्हाला मोठ्या इस्पितळात पाठवते. तारीख पुढच्या गुरुवारची मिळतेय."

"आणि गाठ असली तर?" आत्याने विचारलं.

"लवकर कळलेली बरी. कधी किरणांनी भागतं. कधी डोळा काढावा लागतो."

भिंगरीच्या तोंडचं पाणी पळालं. आत्याने मात्र पर्स उचलली, डॉक्टरांच्या भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे हे त्यांना सांगितलं, आणि बाहेर आली.

भिंगरीने त्याच संध्याकाळी चार खरे फोटो उघडून पाहिले होते. कुणीही हेच आधी करेल. पण नेमक्या त्या जागेवर चारही फोटोंत दिव्याची चकाकी पडली होती, त्यात मोतीबिंदूचा धुरकटपणा. ठिपका आहे म्हणता येईना, नाही म्हणता येईना. आणि नेटवर्कचं कौतुक तर याच गोष्टीसाठी झालं होतं: चार भिंगांना अर्धंमुर्धं दिसलेलं एकत्र करून ते पूर्ण दाखवायचं. जिराफांनी भाषणात अगदी असंच सांगितलं होतं आणि भिंगरीने मान डोलावली होती. तेव्हा आता कुठल्या तोंडाने म्हणणार की ते चुकलं? तिने गुण पुन्हा तपासले. गुण तसेच होते, झळझळीत. बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी ती कामावर गेली, आणि तीन दिवसांत तिने काय केलं असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

आणि आज शनिवार, सुट्टी. आणि भिंग डाव्या डोळ्याला.

"तू जरा बस इथे," आत्या म्हणाली. "मुख्याध्यापिकाबाईंचं हे घड्याळ आज द्यायचं कबूल केलंय. त्यांच्या आईचं आहे. मधेच अडकतंय. आत काय आहे ते तू बघ, मी सांगते तसं कर. डोळे तुझे, हात तुझे, अक्कल माझी."

"मला नाही जमणार."

"लहानपणी सगळी घड्याळं उघडून ठेवायचीस तेव्हा बरं जमायचं. बंद करायला मी होते म्हणून."

भिंगरी बसली. भिंग उजव्या डोळ्याला लावलं. ते आत्याच्या डोळ्याने अजून कोमट होतं. तिने घड्याळावर वाकून पाहिलं. पितळेची चाकं, तांबडे खडे, श्वासासारखी आत-बाहेर होणारी बारीक स्प्रिंग.

"केस आहे," ती म्हणाली. "स्प्रिंगच्या बाजूला. आडवा केस पडलाय, म्हणून अडकतंय."

"काढ."

भिंगरीने चिमटा नेला. एकदा, दोनदा, तीनदा. केस चिमट्यात येईना. समोर तर दिसत होता.

"हलत नाहीये. चिकटलाय वाटतं."

"कागद बघितलास का?" आत्याने विचारलं.

"कुठला कागद?"

आत्याने कपाळावर हात मारला. "तीस वर्षं या दुकानात वाढलीस आणि विचारतेस कुठला कागद! हा." तिने टेबलाच्या कोपऱ्यात कायम असणारा, रोज बदलला जाणारा पांढरा कागद पुढे सरकवला. "भिंग लावलं की आधी कोरा कागद बघायचा, मग घड्याळ. रोज, दर वेळी. कागदावर जे दिसेल ते भिंगाचं. ते पुसायचं. घड्याळात जे उरेल ते घड्याळाचं. नाहीतर बसशील दिवसभर नसलेला केस काढत."

भिंगरीने कागदाकडे पाहिलं. कोऱ्या पांढऱ्या कागदावर आडवा केस पडला होता. तिने मान वळवली, केस तिच्याबरोबर वळला.

तिने भिंग काढलं, खाली ठेवलं आणि तशीच बसून राहिली. आत्याने दोनदा हाक मारली. मग भिंगरी उठली ती एका पायात चप्पल आणि एका पायात आत्याची सपात घालून दारातून बाहेर.

"अगं घड्याळ!" आत्या मागून ओरडली.

"आलेच!" म्हणत भिंगरीने कोपरा गाठलासुद्धा.

तुम्ही म्हणाल, प्रयोगशाळेत कोरा कागद दाखवायची पद्धत नव्हती का? होती की. प्रत्येक नव्या कॅमेऱ्यासमोर पांढरा कागद धरून पाहायचाच. दवाखान्याच्या कॅमेऱ्यासमोरही धरला होता, आणि त्याची चारही भिंगं लख्ख होती. पण कागद कॅमेऱ्याला दाखवायचा, नेटवर्कला नाही. नेटवर्कला कोऱ्या कागदाचं काय दाखवणार? त्यात ताडण्यासारखं काय असतं? एवढी शिकलेली माणसं, पण हा विचार तिथे कुणाच्याच डोक्यात आला नव्हता.

शनिवारी प्रयोगशाळेत चिटपाखरू नव्हतं. दवाखान्यातल्यासारखाच दुसरा कॅमेरा कपाटात होता. भिंगरीने तो स्टँडवर लावला, छपाईयंत्रातून कोरा कागद ओढून समोर चिकटवला, क्लिक केलं. चार फोटो आले. चारही पांढरे, स्वच्छ, कंटाळवाणे. तिने ते नेटवर्कला दिले आणि पट्टीवर बोट ठेवलं. बोट सरकवायला तिला धीर होईना. काहीच निघालं नाही तर? मग ठिपका आत्याचाच.

तिने डोळे मिटून पट्टी सरकवली आणि मग उघडले.

कोऱ्या कागदावर करडा ठिपका होता. तीच जागा, तोच आकार, मोहरीएवढा. तिने पट्टी डावीकडे नेली, ठिपका सरकला. उजवीकडे नेली, परत सरकला. छपाईच्या सपाट कागदावर छानपैकी उंचवटा आला होता.

कागदाला गाठ होत नाही.

भिंगरी मटकन खाली बसली, जमिनीवर, तारांच्या गुंत्याशेजारी, आणि रडायला लागली. रडता रडता हसायला लागली. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय हे तिने आजवर फक्त बोलण्यात वापरलं होतं. आज तिला ते कळलं. छातीवरून कुणीतरी चार दिवसांचं ओझं उचलून बाजूला ठेवलं होतं आणि श्वास कुठवर जातो हे तिला नव्याने समजत होतं. कोपऱ्यात झाडू ठेवायला आलेल्या सफाईच्या मावशींनी दारातून पाहिलं, एका पायातली सपात पाहिली, आणि हळूच दार लोटून घेतलं.

मग लाज वाटायची वेळ आली. तीही यथेच्छ वाटली.

तिने जुना जडशीळ कॅमेरा उघडला. आतल्या काचेवर, एकोणपन्नास चित्रं घेणाऱ्या बारीक भिंगांच्या पत्र्यासमोर, धुळीचा एक कण बसला होता. नखाच्या टोकावर मावेल एवढाही नव्हता. पाच महिने, प्रत्येक फोटोत, मधल्या चित्रांत त्याची पुसट सावली पडली होती. एका चित्रातून दुसऱ्यात जाताना थोडी सरकत, अगदी खऱ्या वस्तूसारखी. कोपऱ्यांतल्या चित्रांपर्यंत ती पोचत नव्हती. कप, बूट, कुंड्यांच्या गर्दीत ती कुणाच्या नजरेत भरली नाही. डोळ्याच्या आतल्या साध्या नारिंगी रंगावर ती भरणारच होती.

पण सावली असली म्हणून नेटवर्क ती शिकायलाच हवी असं नव्हतं. बाकीचे लोक मोठ्या फोटोचे लहान तुकडे कापतात आणि कुठला तुकडा कुठला हे न सांगता शिकवतात. मग सावली कधी इथे, कधी तिथे, आणि नेटवर्क तिचा नाद सोडून देतं. भिंगरीने हुशारी केली होती. कडेचे तुकडे जरा अंधारे येतात म्हणून तिने प्रत्येक तुकड्याला पत्ता दिला होता: हा इथला, तो तिथला. गुण वाढले, जिराफांचा चहा आला. आणि नेटवर्क गुणी विद्यार्थ्यासारखं पाठ करून बसलं की या पत्त्यावर नेहमी एक करडा ठिपका असतो. परीक्षेचे फोटोही त्याच कॅमेऱ्याचे. तिथेही ठिपका होताच. म्हणजे ठिपका काढला म्हणून त्याला उलट शाबासकीच मिळाली होती. पुस्तकातली छपाईची चूक उत्तरपत्रिकेतही तशीच असेल, तर घोकणारा पहिला येणारच.

भिंगरीने आधी डॉक्टरांना फोन लावला. काय झालं ते सगळं सांगितलं, पत्त्याच्या हुशारीसकट.

"सोमवारपासून मी या यंत्रावर चौघांचे डोळे पाहिलेत," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या आत्या पहिल्या. बाकीच्या तिघांना अजून निकाल सांगितलेला नाही. त्यांना मी स्वतः पुन्हा बोलावते. आणि तुमच्या आत्यांना उद्या सकाळी आठला घेऊन या."

"पण ठिपका खोटाच आहे, डॉक्टर. कागदावरसुद्धा—"

"यंत्राचा ठिपका खोटा आहे हे तुम्ही दाखवलंत. त्याच्याखाली खरा नाही, हे मला दाखवायचंय."

बरोबर होतं त्यांचं. मग तिने जिराफांना फोन केला. ते "अरे देवा" म्हणाले, मग "माझ्या भाषणात मी काय बोललो होतो?" म्हणाले, आणि मग दवाखान्यातलं नेटवर्क तासाभरात बंद करून टाकलं. माणूस मानेने उंच होता, पण वेळेला वाकायचा.

आत्याला तिने त्या दिवशी एवढंच सांगितलं की उद्या डॉक्टरांनी पुन्हा बोलावलंय. अर्धवट सुटका देऊन परत हिरावून घ्यायची तिची हिंमत नव्हती. आत्यानेही विचारलं नाही. मात्र तिने सपातेबद्दल चौकशी केली.

रविवारी सकाळी डॉक्टरांनी आत्याच्या डोळ्यात थेंब टाकले, बाहुली मोठी होईपर्यंत थांबल्या, आणि हनुवटी टेकवायला लावून चार-चार खरे फोटो काढत राहिल्या. वर बघा. खाली बघा. माझ्या कानाकडे बघा. आता नाकाकडे. डोळा जरा फिरला की चकाकी बाजूला व्हायची आणि मागची जागा उघडी पडायची. हे मंगळवारीही करता आलं असतं. एका क्लिकमध्ये भागतं म्हणून तर कुणी केलं नव्हतं. न काढलेला एकही फोटो नाही, सगळे काढलेले. डॉक्टर एकेक फोटो मोठा करून पाहत होत्या. भिंगरी त्यांच्या मागे उभी राहून स्वतःचं बोट चावत होती.

शेवटी डॉक्टरांनी खुर्ची मागे सरकवली.

"साफ आहे," त्या म्हणाल्या, त्याच आवाजात. "ठिपका नाही, उंचवटा नाही, काही नाही. मोतीबिंदू तेवढा आहे, तो सवडीने काढू. गुरुवारची तारीख मी रद्द करते."

आत्या हनुवटी तशीच टेकवून बसली होती. "परत म्हणा," ती म्हणाली.

"काही नाहीये तुमच्या डोळ्यात."

आत्याने मान मागे घेतली. तिने पर्समधून रुमाल काढला, डोळे पुसले, थेंबांमुळे पाणी येतंय असं कुणी न विचारता सांगितलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मोठ्या झालेल्या बाहुलीने तिला त्यातलं काहीच दिसत नव्हतं. "अजून चार मिनिटं मागेच असणार," म्हणाली.

डॉक्टर भिंगरीकडे वळल्या. "तुमचं यंत्र मला आवडलं होतं, कारण ते थकत नाही. पण ते 'मला दिसत नाही' असंही कधी म्हणत नाही. जिथे त्याला दिसत नाही तिथेही ते काहीतरी काढून देतं. परत आणाल तेव्हा काढलेला फोटो कुठला आणि बनवलेला कुठला, हे मला चौकटीच्या रंगावरून कळलं पाहिजे. आणि रोज सकाळी पहिला फोटो कोऱ्या कागदाचा. सगळ्या एकोणपन्नास चित्रांसकट."

"हो," भिंगरी म्हणाली. तिने ते आधीच वहीत लिहून आणलं होतं, पण ते सांगायची ही वेळ नव्हे, एवढं तिला कळलं.

दोघी पायी घरी आल्या. आत्याला उजेड सहन होत नव्हता, म्हणून तिने भिंगरीचा दंड धरला होता आणि डोळे जवळजवळ मिटलेले होते. रस्ता मोकळा होता, एका खिडकीत कुणीतरी चादरी झटकत होतं. भिंगरीने तिथे, चालता चालता, सगळं सांगितलं. धुळीचा कण, पत्ता, गुण, चहा. शेवटी म्हणाली, "ती गाठ तुझ्या डोळ्यात नव्हतीच, आत्या. ती मी बनवली होती."

आत्या थांबली.

"म्हणजे चार दिवस," ती सावकाश म्हणाली, "चार दिवस मी रोज सकाळी उठून उजवा डोळा झाकून बघतेय की उरलेल्याने किती दिसतं. जिन्याच्या पायऱ्या मोजून ठेवल्यात मी. मुख्याध्यापिकाबाईंना सांगून टाकलं की यापुढे दुसरीकडे जा. आणि हे सगळं का, तर तू भिंग पुसलं नाहीस?"

"हो."

आत्याने तिच्या पाठीत एक धपाटा घातला. चांगला सणसणीत, सहाव्या वर्षी मिळायचा तसा. चादरी झटकणाऱ्या बाई थबकून बघायला लागल्या. मग आत्याने भिंगरीला जवळ ओढलं आणि तिच्या खांद्यावर कपाळ टेकून हुंदके देऊन रडली, थेंबांचं नाव न घेता. ती घाबरली होती. चार दिवस ती इतकी घाबरली होती, आणि भिंगरीला वाटत होतं आत्या किती खंबीर. "मला वाटलं, आता घड्याळं गेली," आत्या म्हणत होती. "घड्याळं गेली तर मी करू काय गं दिवसभर?" भिंगरी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि तिलाही रडू आवरेना, पण ते सुखाचं होतं आणि दोघींनाही ते ठाऊक होतं.

दुपारनंतर बाहुली लहान झाली. आत्या चहा न घेताच खाली उतरली. दुकान रविवारी बंद असतं. तिने अर्धंच दार उघडलं. मुख्याध्यापिकाबाईंचं घड्याळ काचेच्या झाकणाखाली तसंच उघडं पडलं होतं. तिने टेबलावरचा जुना कागद चुरगळून टाकला, नवा अंथरला, भिंग मऊ फडक्याने पुसलं. मग ते उजव्या डोळ्याला नेलं. ते आपल्या वळात बसलं आणि राहिलं.

आत्या कागदावर वाकली. बराच वेळ वाकूनच होती.

"घे," आत्याने भिंग काढून तिच्यापुढे केलं. "आता तू बघ. सांग, काय दिसतंय."

भिंगरीने भिंग लावलं, वाकली. पांढरा कागद. त्याचा बारीक खरखरीत पोत, कडेला टेबलाच्या लाकडाची एक रेघ. तिने मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली. काही सरकलं नाही.

"काहीच नाही," ती म्हणाली. "काहीच दिसत नाहीये, आत्या."

"हं," आत्या म्हणाली. तिने भिंग परत घेतलं, उजव्या डोळ्याला लावलं आणि घड्याळ पुढे ओढलं. "मग आता बघू, याला काय झालंय ते."